पॅनेलवरची अक्षरे : सिंथेसायझर आणि त्याचे दुसरे लेखन

सतारीवर काही लिहिलेले नसते. तबल्याच्या शाईवर बोट कुठे पडावे याची सूचना नसते. आणि पेटीच्या पट्ट्यांवर कोणी स्वरांची नावे लिहिलीच, तर ती शिकाऊ हाताची खूण समजली जाते. वाद्य हाताने आणि कानाने ओळखायचे, ते वाचायचे नसते, असा आपला जुना समज आहे. लाकूड, चामडे आणि तार यांच्या वाद्यांपुरता तो खराही आहे. तारेची लांबी कमी केली की स्वर चढतो हे तार स्वतःच सांगते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र असे एक वाद्य जन्माला आले, की अंगावर अक्षरे नसती तर ते अनोळखी माणसाला वाजवताच आले नसते. सिंथेसायझरच्या पॅनेलवर एकाच घडणीचे तीस-चाळीस नॉब ओळीने उभे असतात. त्यांपैकी कोणता स्वराची उंची बदलतो, कोणता नादातील वरचे अंश गाळतो आणि कोणता स्वर विझायला लागणारा वेळ ठरवतो, हे नॉबच्या रूपावरून कळत नाही. ते कळते शेजारी छापलेल्या एखाद्या शब्दावरून.

याचा अर्थ असा की, सिंथेसायझर हे वाचावे लागणारे वाद्य आहे. आणि जे वाचावे लागते त्याच्या बाबतीत साहित्याच्या अभ्यासकाला परिचित असे सगळे प्रश्न उभे राहतात. हे शब्द कोणी निवडले? ते वस्तूचे वर्णन करतात की वाचकाला आज्ञा देतात? छापील शब्द आणि प्रत्यक्ष अर्थ यांत अंतर पडले तर दुरुस्ती कोणी करायची? प्रस्तुत लेखाचा विषय या शेवटच्या प्रश्नातून निघालेला आहे. मूळ पॅनेलवर बसवण्यासाठी वापरणाऱ्याने स्वतः आखलेला, नॉब आणि बटणे यांच्यासाठी भोके पाडलेला, नवी नावे छापलेला कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा पट, ज्याला सर्वत्र 'ओव्हरले' म्हणतात, त्याचा हा इतिहास आहे. वस्तू क्षुल्लक वाटेल. पण निर्मात्याने दिलेल्या मजकुरावर वाचकाने चढवलेला दुसरा मजकूर, या दृष्टीने पाहिले तर ती भाष्याच्या आणि पाठभेदाच्या कुळातली आहे.

नावे ठेवणारे दोघे

१९६४ साली अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे न्यूयॉर्क राज्यातील ट्रुमन्सबर्ग या गावी रॉबर्ट मूग यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या सोबतीने आपल्या यंत्राचा पहिला नमुना तयार केला. त्याच सुमारास पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्को टेप म्युझिक सेंटरच्या मॉर्टन सबॉट्निक आणि रेमन सेंडर यांनी डॉन बुक्ला यांना एक वाद्य घडवायला सांगितले. दोघांचीही यंत्रे सुट्या घटकांची, म्हणजे मॉड्यूलची, वायरींनी जोडायची आणि विद्युत्दाबाने नियंत्रित होणारी होती. तंत्रात साम्य बरेच होते. भाषेत मात्र दोघांचे मार्ग वेगळे झाले.

मूग यांच्या पॅनेलवरची भाषा प्रयोगशाळेतून आलेली आहे. घटकांना क्रमांक आहेत : ९०१ म्हणजे ऑसिलेटर, ९०४ म्हणजे फिल्टर. जे यंत्र आत चालते तेच पॅनेलवर लिहायचे, असा हा अभियंत्याचा सरळपणा आहे. बुक्ला यांनी नावे ठेवताना आतल्या विद्युत्मंडलापेक्षा वादकाला येणाऱ्या अनुभवाकडे पाहिले. त्यांच्या १९७० सालच्या २०० मालिकेत यादृच्छिक विद्युत्दाब निर्माण करणाऱ्या घटकाचे नाव आहे 'सोर्स ऑफ अन्सर्टन्टी', अर्थात अनिश्चिततेचा उगम. त्याच मालिकेतील २५९ क्रमांकाच्या घटकावर वादकाला 'टिंबर' आणि 'सिमेट्री' हे शब्द भेटतात. नादाचा पोत आणि त्याची सममिती हे शब्द अभियंत्याच्या वहीतले नव्हेत. कान जे ऐकतो त्याला दिलेली ती नावे आहेत. यंत्राशी पहिली भेट होताच वादकाच्या मनात कोणता प्रश्न जागा व्हावा, हे दोघांनीही शब्दांनी ठरवून टाकले.

शब्दांचा हा प्रभाव किती दूरवर पोहोचतो याचे सर्वांत बोलके उदाहरण एन्व्हलप या संकल्पनेचे आहे. स्वर उमटतो, थोडा ओसरतो, पट्टी दाबलेली असेतो टिकतो आणि सोडल्यावर विझतो, अशा चार अवस्थांची मांडणी कोलंबिया-प्रिन्स्टन केंद्राचे संगीतकार व्लादिमिर उसाचेव्हस्की यांनी १९६५ मध्ये मूग यांच्याकडे मागितली. मूग यांच्या ९११ या घटकावर त्या अवस्था गणिताच्या चिन्हांनी आल्या : टी-१, टी-२, टी-३ आणि टिकून राहण्याच्या पातळीसाठी 'ई' हे अक्षर. पुढे अ‍ॅलन पर्लमन यांच्या एआरपी कंपनीने त्यांनाच अटॅक, डिके, सस्टेन आणि रिलीज असे साधे शब्द दिले. विद्युत्मंडलाचे काम तेच राहिले, नॉबही चारच राहिले. पण 'टी-२' हे राशीचे नाव आहे आणि 'डिके' ही घडणारी गोष्ट आहे. आज जगभरचा विद्यार्थी स्वराच्या आयुष्याचा विचार या चार शब्दांत करतो. टी-१ आणि टी-२ जुन्या यंत्रांच्या पॅनेलवर उरले आहेत. सिंथेसायझरच्या इतिहासात पॅनेलचे पुनर्लेखन हे यंत्राच्या पुनर्रचनेइतकेच परिणामकारक ठरू शकते, याचा हा पहिला मोठा पुरावा म्हणता येईल.

पॅनेलचे चित्र

या वाद्यांची दुसरी अडचण स्मरणाची होती. वायरी काढल्या, नॉब हलले, की नाद गेला. यंत्राला स्वतःची आठवण नव्हती, म्हणून ती कागदावर ठेवावी लागे. लंडनच्या इएमएस कंपनीने १९६९ मध्ये व्हीसीएस-३ हा सिंथेसायझर बाजारात आणला. पीटर झिनोव्हिएफ, डेव्हिड कॉकरेल आणि ट्रिस्ट्रम कॅरी यांच्या या यंत्रात वायरींऐवजी सोळा ओळी आणि सोळा स्तंभांची, २५६ छिद्रांची जाळी होती. छिद्रात पिन खोचली की त्या ओळीतला संकेत त्या स्तंभाकडे जाई. ओळींना अंक आणि स्तंभांना अक्षरे असल्यामुळे प्रत्येक जोडणीला बुद्धिबळाच्या घरासारखा पत्ता मिळाला. या यंत्रासाठी पॅनेलचे रेखाचित्र छापलेले कोरे कागद वापरले जात. त्यांना 'डोप शीट' म्हणत. वादकाने पेन्सिलीने पिनांच्या जागी ठिपके द्यायचे आणि प्रत्येक नॉबच्या वर्तुळात काट्याची दिशा दाखवणारी रेघ मारायची. मिनिमूगच्या वादकांकडेही असेच तक्ते असत.

स्वरलेखनाच्या इतिहासात या कागदाला स्वतंत्र स्थान द्यायला हवे. भातखंडे किंवा पलुस्कर यांच्या लिपीत स्वर लिहिला जातो. युरोपीय लिपीतही स्वर आणि काल लिहिले जातात. डोप शीटवर स्वर कुठेच नाही. तेथे लिहिलेली आहे ती वाद्याची अवस्था. जणू बंदिशीऐवजी तानपुऱ्याच्या जवारीची आणि खुंट्यांची स्थितीच कोणी वहीत उतरवून ठेवावी. आणि ही अवस्था लिहिण्यासाठी वापरलेली लिपी म्हणजे प्रत्यक्ष पॅनेलचेच लहान चित्र. ओव्हरलेचा जन्म येथून जवळ आहे. पॅनेलचे चित्र कागदावर काढता येत असेल, तर तेच चित्र मूळ मापाचे करून, भोके पाडून, यंत्रावर ठेवायला अडचण कोणती? कोणत्या नॉबचा काटा कुठे असावा याच्या खुणा त्यावरच केल्या की एका नादासाठी एक पट, दुसऱ्या नादासाठी दुसरा.

एआरपी कंपनीच्या १९७१ सालच्या २६०० या यंत्राने याच्या उलट दिशेने प्रवास केला. तेथे कागदावरचा आराखडाच पॅनेलवर चढला. कोणता घटक आतून कोणाला जोडलेला आहे, संकेत कोठून निघून कोठे जातो, हे रेघांनी आणि बाणांनी पॅनेलवर छापलेले आहे. शिक्षकाने फळ्यावर काढलेली आकृती आणि वाजवायचे यंत्र ही एकच वस्तू झाली. अनेक विद्यापीठांच्या स्टुडिओंत हे यंत्र शिकवण्यासाठी वापरले गेले, याचे एक कारण ही छापील आकृती होय.

कागद हेच पॅनेल

१९७० च्या दशकाच्या प्रारंभी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्स या संस्थेत संगीतकार सर्ज चेरेप्निन शिकवत होते. बुक्ला यांची यंत्रे महाग होती. विद्यार्थ्यांना ती मिळेनात. तेव्हा चेरेप्निन आणि त्यांच्याभोवतीच्या तरुणांनी घरगुती पद्धतीने, सुटे भाग आणून, स्वतःच यंत्रे जोडायला सुरुवात केली. या पहिल्या पिढीतील यंत्रांना पुढे 'पेपरफेस' हे नाव पडले, कारण त्यांच्या पॅनेलवरचा छापील भाग धातूवर न छापता कागदावर छापून वर चिकटवलेला होता. धातूवर छपाई करणे हे कारखान्याचे काम. कागदावर छापणे हे कोणाचेही काम. पैशांच्या अभावातून आलेल्या या सोयीने एक तत्त्व नकळत सिद्ध केले : विद्युत्मंडल आणि त्याचे नामकरण या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि एक न हलवता दुसरी बदलता येते.

चेरेप्निन यांच्या पद्धतीत जॅकच्या रंगालाही अर्थ असतो. काळा जॅक ऐकू येणाऱ्या नादाचा, निळा नियंत्रक विद्युत्दाबाचा, लाल स्पंदाचा. मात्र या रंगांचे कुंपण ओलांडायला मुभा आहे. नियंत्रक म्हणून आलेला दाब वेगाने चालवला की तोच नाद होतो. रंग येथे मार्गदर्शन करतो, मनाई करत नाही. लेबल कसे असावे याचा हा वस्तुपाठ म्हणावा लागेल.

नॉब जातात, शब्द वाढतात

१९८३ हे वर्ष दोन कारणांनी निर्णायक ठरले. त्या वर्षी निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू शकतील अशी मिडी ही सामायिक संकेतपद्धती आली, आणि यामाहाचा डीएक्स-७ आला. डीएक्स-७ च्या पॅनेलवर नॉब जवळजवळ नव्हतेच. सपाट पडद्याखाली दडलेली बटणे, एक सरकपट्टी आणि एक लहानसा पडदा. आतील रचना मात्र पूर्वीच्या कोणत्याही लोकप्रिय सिंथेसायझरपेक्षा गुंतागुंतीची होती : सहा ऑपरेटर आणि त्यांच्या जोडणीचे ३२ प्रकार. हे ३२ प्रकार लहान लहान आकृत्यांच्या रूपाने पॅनेलच्या वरच्या भागात छापलेले होते. एकेका बटणाखाली वेगवेगळ्या रंगांत दोन-तीन अर्थ होते. त्याच काळातील कॉर्ग पॉली-८०० वर तर गुणधर्मांची क्रमांकवार यादीच छापलेली होती. वादकाने क्रमांक टाकून किंमत बदलायची.

येथे पॅनेलचे स्वरूप बदलले. पूर्वी शब्द नॉबच्या शेजारी बसे आणि हात शब्दाच्या जागी जाई. आता शब्द अनुक्रमणिकेत गेले आणि हात एकाच सरकपट्टीवर अडकला. कारखान्यातून भरून आलेले तयार नाद वापरण्याकडे वादकांचा कल वाढला, याचे खापर बहुधा गणिताच्या अवघडपणावर फोडले जाते. त्यात तथ्य आहे, परंतु पॅनेलचाही त्यात वाटा होता. ज्या गोष्टीला स्वतःची जागा नाही तिला हात सहसा लावला जात नाही. या सपाटपणाची झळ दृष्टिहीन वादकांना अधिक बसली. नॉबचा काटा बोटाला कळतो. सपाट पडद्याखालचे बटण कळत नाही. अशा बटणांवर उंचवट्याचे ठिपके चिकटवणे हाही एक ओव्हरलेच होय, आणि तो मूळ पॅनेलपेक्षा अधिक मूलभूत काम करतो.

मिडीने या अडचणीवर उपायही दिला. एका यंत्राचे नॉब दुसऱ्या यंत्राचे गुणधर्म हलवू शकत होते. त्यातून नुसत्या नॉबांच्या पेट्या निघाल्या. त्यांच्यातून स्वतःचा नाद येत नसे. ० ते १२७ या मर्यादेतील अंक त्या दुसऱ्या यंत्राला पाठवत. २००० च्या दशकाच्या मध्यात आलेली बेहरिंजर बीसीआर-२००० ही ३२ नॉबांची पेटी त्यांतील विशेष खपाची. अशा पेटीवर छापायचे तरी काय? ती कशाला जोडली जाईल हे निर्मात्याला ठाऊक नसते, म्हणून तो क्रमांक छापतो आणि गप्प बसतो. या मौनाने ओव्हरलेला त्याचे खरे घर मिळवून दिले. ज्याच्या त्याच्या घरी वेगळे यंत्र, म्हणून ज्याचा त्याचा वेगळा पट. आज या पेटीवर डीएक्स-७ चे सहा ऑपरेटर, उद्या आणखी कशाचे फिल्टर.

असे पट इतर क्षेत्रांतही होते. वर्डपरफेक्ट या संगणकीय लेखनप्रणालीबरोबर कळफलकाच्या वरच्या ओळीभोवती ठेवायची छापील पट्टी येई; १९७२ च्या मॅग्नाव्हॉक्स ओडिसी या खेळयंत्राबरोबर दूरचित्रवाणीच्या काचेवर लावायचे पारदर्शक रंगीत पडदे मिळत. पण ते सारे कंपनीने दिलेले होते. बीसीआरवरचे ओव्हरले वापरणाऱ्यांनी स्वतः आखले, छापले आणि एकमेकांना दिले. वाचक येथे लेखक झाला.

पट कसा घडतो

या लेखनाची कारागिरी थोडी तपशिलात पाहण्यासारखी आहे, कारण तिच्या प्रत्येक पायरीवर वाचनाचा एक प्रश्न दडलेला आहे.

प्रथम माप. नॉबच्या टोप्या ओढून काढायच्या, कॅलिपरने दोन दांड्यांच्या मध्यांमधील अंतर मोजायचे किंवा पॅनेल स्कॅनरवर उपडे ठेवून प्रतिमा घ्यायची. पुढे रेखाचित्राच्या संगणकप्रणालीत भोकांच्या जागा आखायच्या. एकामागून एक लहान अंतरे मोजत गेले तर प्रत्येक मोजणीतील चूक पुढच्या मोजणीत मिसळते आणि शेवटच्या भोकाजवळ पट अडतो. म्हणून सर्व मापे एकाच कडेपासून घ्यायची. भोक दांड्यापेक्षा किंचित मोठे ठेवायचे. छापताना 'पानावर मावेल असे करा' हा पर्याय बंद करायचा, नाहीतर मुद्रणयंत्र परस्पर आकार कमी करते. पहिली प्रत नेहमी साध्या कागदावर काढायची आणि यंत्रावर ठेवून पाहायची. ही प्रत म्हणजे मुद्रितशोधनाचे प्रूफच.

नंतर वस्तूची निवड. कागद स्वस्त, पण बोटांच्या घामाने तो वर्षभरात मळतो. लॅमिनेशन चकाकते आणि दिव्याखाली वाचता येत नाही. कारखान्यातील पद्धत अशी की, पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या मागच्या बाजूने उलटी छपाई करायची. त्यामुळे शाई काचेमागच्या चित्रासारखी सुरक्षित राहते आणि बोटे फक्त प्लॅस्टिकला घासतात. चिकटवायचे की नुसते ठेवायचे, हाही निर्णय महत्त्वाचा. कायमचा चिकटवलेला पट मूळ मजकूर झाकून टाकतो. नॉबांच्या दांड्यांवर नुसता बसवलेला पट उचलला की खालचे जुने शब्द पुन्हा दिसतात. विनाइलचा पट लेसरने कापायचा मोह टाळावा लागतो, कारण त्यातून क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतो.

आणि मग शब्द. येथे खरा संपादक लागतो. नॉबच्या खाली लिहिलेले नाव फिरवणाऱ्या हाताखाली झाकले जाते, म्हणून नाव शक्यतो वर. रंगमंचावर तांबडा प्रकाश पडला की पांढऱ्या पटावरची तांबडी अक्षरे नाहीशी होतात. घरी सुंदर दिसणारा पट कार्यक्रमात मुका होतो. बत्तीस नॉबांना बत्तीस नावे सारख्याच ठळकपणे दिली तर डोळा कशावरच ठरत नाही. म्हणून गट पाडावे लागतात, गटांभोवती रेघ किंवा पार्श्वभूमीचा रंग द्यावा लागतो, काही नावे बारीक करावी लागतात. यांतील प्रत्येक निवड वादनाबद्दलचे एक मत असते. ज्याने फिल्टर मध्यभागी मोठ्या अक्षरांत ठेवला आणि स्वरजुळणी कोपऱ्यात, त्याने या वाद्यात महत्त्वाचे काय हे सांगून टाकले आहे. यंत्रात शंभर गुणधर्म आणि पेटीवर बत्तीस नॉब असतील तर अडुसष्ट गोष्टी वगळाव्या लागतात. वगळलेले यंत्रातून जात नाही, पण त्या वादकाच्या संगीतातून बहुधा जाते. संकलन करणारा प्रत्येक संपादक या जबाबदारीतून गेलेला असतो.

पाठभेद आणि पाठशुद्धी

जर्मनीच्या डीटर डोएप्फर यांनी १९९५ च्या सुमारास ए-१०० ही मॉड्यूलची पद्धत आणली आणि तिच्या मापांतून युरोरॅक हे सर्वमान्य परिमाण रूढ झाले. पॅनेलची उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदी ५.०८ मिलिमीटरच्या पटीत. त्यांची पॅनेले राखाडी, सरळ, माहितीपुरती. माप सर्वांसाठी एक झाल्यामुळे पुढे शेकडो लहान निर्माते त्यात उतरले आणि प्रत्येकाने आपली चित्रलिपी आणली. काहींची पॅनेले इतकी स्वैर होती की ती पाहण्यात आनंद वाटे आणि वाचण्यात कष्ट पडत. अमेरिकेतील मेक नॉइझच्या 'मॅथ्स' या प्रसिद्ध मॉड्यूलबद्दल वादकांत असे दोन तट पडले. एकाला त्या वळणदार रेघांत वाद्याचा स्वभाव दिसतो, दुसऱ्याला त्यात जॅक सापडत नाही. या दुसऱ्या तटाची गरज ओळखून ग्रेस्केलसारख्या छोट्या उपक्रमाने इतरांच्या मॉड्यूलसाठी संयत अक्षरांची पर्यायी पॅनेले बनवून विकायला सुरुवात केली. मॉड्यूल तेच, मुखपृष्ठ दुसरे.

याहून खोल प्रश्न पॅरिसच्या म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सने उभा केला. एमिली जिले यांच्या या कंपनीने २०२२ मध्ये काम थांबवले; पण आपल्या मॉड्यूलचे आराखडे आणि आज्ञावली तिने सर्वांसाठी खुली ठेवली होती. एक अट अशी की, इतरांनी बनवलेल्या प्रतींवर कंपनीचे नाव नको. संहिता मुक्त, नाममुद्रा राखीव. परिणामी एकाच विद्युत्मंडलाच्या कितीतरी आवृत्त्या निराळ्या मापांच्या, निराळ्या नावांच्या पॅनेलखाली वावरतात. शिवाय खुल्या आज्ञावलीत इतरांनी भर घातली. 'क्लाउड्स' हे मॉड्यूल नादाचे सूक्ष्म दाणे करते आणि त्याच्या पॅनेलवर स्थान, आकार, घनता, पोत अशा अर्थांचे शब्द आहेत. मातियास प्युश यांनी त्यासाठी लिहिलेल्या 'पॅरासाइट्स' या पर्यायी आज्ञावलीत तेच मॉड्यूल प्रतिध्वनीचे यंत्रही होते. तेथे दाणे नाहीत, म्हणून घनतेचा मूळ अर्थही नाही. नॉब जागेवर आहे, शब्द जागेवर आहे, आणि दोघांतील नाते तुटलेले आहे. छापील पॅनेल अशा वेळी चुकीचे ठरत नाही. ते जुने ठरते. ओव्हरले हे त्या जुन्या झालेल्या पाठाचे शुद्धिपत्र.

मराठी वाचकाला या ठिकाणी शके १५०६ मध्ये एकनाथांनी केलेली ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी आठवावी. हाताहाताने फिरताना ग्रंथात शिरलेले पाठ त्यांनी निवडून काढले आणि पुढे कोणी त्यात भर घालू नये असे बजावले. संहितेची शुद्धता राखायची तर असे कुंपण घालावेच लागते. म्युटेबलने नेमका उलट मार्ग पत्करला : भर घाला, पण ती तुमच्या नावावर घाला. दोन्ही भूमिकांमागे एकच चिंता आहे. वाचकाच्या हाती जे आले ते कोणाचे आहे हे त्याला कळले पाहिजे.

भाषेचा प्रश्न

आतापर्यंत उल्लेखिलेल्या सर्व पॅनेलांवरची भाषा इंग्रजी आहे. रोलंड, कॉर्ग, यामाहा या जपानी कंपन्यांनीही आपल्या सिंथेसायझरवर इंग्रजीच छापली. ठळक अपवाद सोव्हिएत संघाचा. व्लादिमिर कुझ्मिन यांनी रचलेल्या आणि १९८२ पासून कारखान्यातून निघालेल्या पोलिव्होक्स या सिंथेसायझरचे बाह्यरूप ऑलिम्पियादा कुझ्मिना यांनी लष्करी रेडिओच्या धर्तीवर आखले. त्यावरील शब्द रशियन, लिपी सिरिलिक. सोव्हिएत संघ कोसळल्यावर ही यंत्रे पश्चिमेत पोहोचली, तेव्हा इंग्रजी वादकाला प्रथमच तो अनुभव आला जो उरलेल्या जगाला नित्याचा आहे : आपल्या भाषेत नसलेल्या वाद्यासमोर उभे राहण्याचा. त्यासाठी शब्दांचे तक्ते लागले. ओव्हरले येथे शब्दशः भाषांतर झाला.

आपल्याकडे हा अनुभव वेगळ्या रूपात आला. १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारला. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा आदींनी तेथे केलेल्या रचना २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलंडच्या टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ या यंत्रांवर दहा राग बसवले. टीबी-३०३ च्या पॅनेलवर पियानोच्या पट्ट्यांसारखी मांडलेली १३ बटणे आहेत आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याच्या सोयीला 'स्लाइड' असे नाव आहे. सिंग यांच्या ध्वनिमुद्रणात ती सोय ऐकताना आपला कान तिला मींड म्हणतो. पॅनेल बदलले नाही; वादकाने मनातल्या मनात दुसरा शब्द ठेवला. प्रत्येक परभाषक वादकाच्या डोक्यात असा एक अदृश्य ओव्हरले असतोच. तो देवनागरीत छापावा का, या प्रश्नाचे उत्तर केवळ अस्मितेच्या अंगाने देता येणार नाही. 'फिल्टर'ला 'गाळणी' म्हटले तर चहाची आठवण येते आणि 'निस्यंदक' म्हटले तर काहीच आठवत नाही. पण 'स्लाइड'ला 'मींड' म्हटले तर त्या बटणाकडून आपण काय मागतो तेच बदलते. ज्या ठिकाणी परंपरेजवळ अधिक अचूक शब्द आहे, त्या ठिकाणी तो छापणे हा संगीताचा निर्णय ठरतो.

कोरी पाटी आणि हरवलेला कागद

या सगळ्या शब्दप्रपंचाला नकार देणारेही निघाले. २००६ मध्ये मोनोम या छोट्या अमेरिकी उपक्रमाने ६४ बटणांची पेटी आणली. आठ ओळी, आठ स्तंभ, प्रत्येक बटणाखाली दिवा, आणि बटणांवर एकही अक्षर नाही. अर्थ संगणकात, पाटी कोरी. शब्दच नसले तर ते चुकीचे किंवा जुने होण्याचा प्रश्नच उरत नाही, ही भूमिका आकर्षक आहे. तथापि कोऱ्या पाटीवर वाजवणाऱ्याला सर्व अर्थ पाठ असावे लागतात. मौखिक परंपरेचे जे बळ तेच तिचे दौर्बल्य : पाठ असणारा गेला की पाठही गेला.

आणि येथेच या क्षुल्लक कागदाचे मोल कळते. वस्तुसंग्रहालये यंत्रे जपतात. त्यांची विद्युत्मंडले दुरुस्त होतात, पॅनेले पुसली जातात, काचेच्या पेटीत ती मांडली जातात. पण ज्याच्या हाती ते यंत्र वीस वर्षे होते त्याने त्यावर कोणता पट ठेवला होता, कोणत्या नॉबला कोणते नाव दिले होते, डोप शीटवर काट्याची रेघ कुठे मारली होती, हे कागद घर आवरताना रद्दीत जातात. यंत्र त्याच्या निर्मात्याचे म्हणून उरते. वादकाचे उरत नाही. अहमदाबादच्या टेप आज ऐकता येतात, परंतु एखाद्या नादाच्या क्षणी पॅनेलवरचा कोणता नॉब कोठे होता हे टेप सांगू शकत नाही. ते सांगणारी एकमेव लिपी कागदावरची होती.

पोथीच्या समासातील टिपणांना आपण फार उशिरा महत्त्व देऊ लागलो. लेखनिकाने, पाठकाने, एखाद्या अनामिक विद्यार्थ्याने समासात लिहिलेल्या दोन ओळींवरून ग्रंथ कसा वाचला जात होता हे आज आपण शोधून काढतो. इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या बाबतीत ते समास अजून सापडण्याजोगे आहेत. ज्यांनी ते लिहिले त्यांच्यापैकी बरेच जण हयात आहेत, आणि कपाटाच्या तळाशी, यंत्राच्या खोक्यात, जुन्या वहीच्या पानांत भोके पाडलेले ते कागद पडून असतील. यंत्र संग्रहालयाकडे देताना तोही कागद सोबत द्यावा, आणि संग्रहालयाने त्याला वाद्याइतकाच नोंद-क्रमांक द्यावा, एवढी अपेक्षा फार नाही.